राजाची चाल किती ठेवायची? सोलापुरातल्या रीळ-कामाच्या नोंदी

१२ जानेवारी

कामाला आज हात घातला. अण्णांचं गोदाम रिकामं होतं म्हणून हा दिवस ठरला, बाकी मुहूर्त वगैरे काही नाही. पण येताना चार पुतळ्यांपाशी हार घालायला गर्दी होती आणि तारीख डोक्यात आली. १२ जानेवारी १९३१. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी झाली तो दिवस. मे १९३०मध्ये ज्या गावावर इंग्रजांनी मार्शल लॉ लादला, त्याच गावात सुताच्या गोदामात बसून आम्ही राजा-राणीची रिळं उघडणार होतो.

मामांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, "राजाला शिव्या घालणारेच पुढच्या बाकावर बसायचे बे. तिकीट काढून शिव्या घातल्या की पैसे वसूल."

मामा म्हणजे आमचे निवृत्त ऑपरेटर. रिवाइंडिंग करणारा पोऱ्या म्हणून केबिनमध्ये शिरले, ते डिजिटल आल्यावरच खाली उतरले. अण्णा पूर्व भागातले, धंदा सुताचा, छंद रिळांचा. छंद मूळचा त्यांच्या वडिलांचा, मुलाच्या वाट्याला पत्र्याच्या ट्रंका आल्या. माझं काम यादी करणं, दोघांच्या आठवणी रेकॉर्ड करणं आणि जे टिकण्यासारखं आहे त्याचं स्कॅनिंग करून घेणं. विषय आखून घेतलाय: ज्या रिळांत राजे, राण्या, संस्थानिक, दरबार, मिरवणुका आहेत तेवढीच. नाहीतर अण्णांच्या ट्रंका उपसण्यात माझी हयात जाईल.

पहिला नियम सगळ्यांना सांगितला. १९५१च्या आधीचं ३५ मिमीचं रीळ दिसलं की हात मागे. ते नायट्रेट असण्याचीच शक्यता जास्त, आणि नायट्रेट जळताना ऑक्सिजन स्वतःच सोडतं, पाण्यात बुडवलं तरी विझत नाही. जानेवारी २००३मध्ये पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात आग लागून राष्ट्रीय फिल्म अर्काइव्हच्या जुन्या नायट्रेट प्रिंट गेल्या, ते काही फार लांबचं नाही. इथं तर चहूबाजूंनी सूत. एक डबा तसा निघालाच. झाकणाखाली तपकिरी भुकटी, रीळ चिकटून ढेप झालेलं. न हलवता अंगणात सावलीत ठेवला आणि पुण्याच्या अर्काइव्हला कळवलं. आत राजा होता की विदूषक, आता कोणालाच कळणार नाही.

१६ मिमी आणि ८ मिमीचं मात्र भय नाही. ती घरगुती वापरासाठी काढलेली, पहिल्यापासून सेफ्टी फिल्मवर.

१५ जानेवारी

सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेची गर्दी. काम नाही. मामांनी होम मैदानाकडे बोट करून तंबूतल्या सिनेमाच्या गोष्टी सांगितल्या, त्या रेकॉर्ड करायला फोन काढला तर पाळण्यांच्या भोंग्यात काही ऐकू येईना. पुन्हा सांगायला लावायच्या.

१९ जानेवारी

मामांची बैठक. शेंगाचटणी, कडक भाकरी आणि रेकॉर्डर.

मी विचारलं, "मामा, पडद्यावर पहिला राजा कोण बघितला?" मला वाटलं शिवाजी महाराजांचं नाव घेतील. ते म्हणाले, "बघितला कुठं? गुंडाळला."

पोऱ्याचं काम रीळ संपलं की काढून उलटं गुंडाळायचं. म्हणून मामांच्या आठवणीत राजे तोंडावळ्यानं नाहीत, फुटांनी आहेत. पौराणिक सिनेमातला इंद्रदरबार म्हणजे तिसऱ्या रिळातला नाच, तिथं चार जोड, दर खेपेला एक सुटायचा. राणी एलिझाबेथ म्हणजे न्यूज रिळातला एक तुकडा, हत्ती आला की पुढचं मशीन तयार ठेवायचं.

हा हत्ती १९६१चा. राणी जानेवारीत भारतात आली, दिल्लीत २६ जानेवारीच्या संचलनाला पाहुणी होती, जयपूरला हत्तीवरून मिरवली, पुढे मुंबईलाही आली. त्या काळी मुख्य सिनेमाच्या आधी सरकारमान्य बातमीपट किंवा माहितीपट दाखवणं टॉकीजवाल्यांना सक्तीचं होतं. फिल्म्स डिव्हिजन १९४८मध्ये निघाली, तिचे हे बातमीपट आधी मोठ्या शहरांत फिरायचे आणि मग उतरत उतरत आपल्याकडे पोचायचे. मामांच्या शब्दांत: "राणी घरी जाऊन नांदायला लागली तरी सोलापुरात हत्तीवरच होती." प्रिंट तोवर इतकी घासलेली की हत्तीच्या पाठीवर पाऊस पडतोय असं वाटायचं.

लोक काय म्हणायचे, हे विचारलं. निम्मे लोक बाहेर विडी ओढत असायचे. न्यूज संपली की आत. म्हणजे राणीचा हत्ती नेमानं बघणारा प्रेक्षक गावात एकच, केबिनमधला पोऱ्या.

एक गोष्ट टिपून ठेवतो, पुढे लागेल. मामा म्हणाले की मूकपटाच्या जमान्यातलं एखादं रीळ बोलपटाच्या मशीनवर लावलं की राजे कोंबड्यांसारखे तुरुतुरु पळायचे आणि पब्लिक हसून लोळायचं. "मशीन सेकंदाला चोवीस फ्रेमला बांधलेलं, फिल्म सोळाची. राजाची सगळी ऐट ऑपरेटरच्या हातात की हो."

२ फेब्रुवारी

ट्रंकेतलं चार नंबरचं रीळ. १६ मिमी, कृष्णधवल, मूक, साधारण ४०० फूट. डब्यावर शाईनं काहीतरी लिहिलेलं, गंजानं खाल्लंय.

भिंगाखाली कडेची अक्षरं बघितली. कोडॅक, सेफ्टी, आणि त्यापुढे छोटा भरीव चौकोन. कोडॅक फिल्मच्या कडेला वर्षाची खूण छापायची. गोल, चौकोन, त्रिकोण आणि त्यांच्या जोड्या. दर २० वर्षांनी त्याच खुणा पुन्हा. एकटा चौकोन म्हणजे १९१७, १९३७ किंवा १९५७. १६ मिमी फिल्म बाजारात आली १९२३मध्ये, तेव्हा १९१७ बाद. राहिली दोन.

रिवाइंडरवर हातानं सरकवत, खालून दिवा धरून पाहिलं. मिरवणूक आहे. पुढे बँड, मागे भालदार, मग अंबारीचा हत्ती, छत्र, दोन्ही बाजूंनी चवऱ्या. पागोटी आपल्याकडची. मग एक लांबलचक मोटार, टप उघडा. अण्णा म्हणाले १९३७, संस्थानं गेल्यावर कसली आलीय अंबारी? हे तितकं सरळ नाही. दख्खनची संस्थानं १९४८मध्ये विलीन झाली, आपल्या शेजारचं अक्कलकोट त्यातच आणि कोल्हापूर १९४९मध्ये. पण तनखे आणि मानमरातब डिसेंबर १९७१पर्यंत चालू होते. १९५७च्या दसऱ्याला हत्ती निघाला असता तर कोणी अडवलं असतं?

निकाल लावला वेशीवरच्या झेंड्यानं. मोटार कमानीखालून जाते तिथं चारेक फ्रेममध्ये वरती झेंडा फडकतो, तिरके आणि सरळ पट्टे स्पष्ट दिसतात. युनियन जॅक. म्हणजे फिल्म १९३७ची, आणि चित्रण त्या वर्षाचं किंवा त्यानंतर थोड्याच काळातलं. खूण कारखान्यातली असते, कॅमेऱ्यात ती फिल्म कधी पडली ते ती सांगत नाही.

संस्थानाचं नाव मी यादीत लिहिलेलं नाही. अण्णांची मतं रोज बदलतात. मिरवणुकीतल्या पागोट्यावरून संस्थान ओळखणारे लोक पेन्सिलीनंच लिहोत.

१७ फेब्रुवारी

आज वाजलं. मामांना चार नंबरचं रीळ मशीनवर चढवायचं होतं. अण्णांकडे १६ मिमीचा प्रोजेक्टर आहे, मामांनी त्याला तेलपाणी करून, गेट पुसून, नवा दिवा घालून तयार ठेवला होता. मी नको म्हटलं.

"चाळीस वर्षं रिळं चालवली, एक फाडलं नाही. आणि तू मला शिकवालास?"

मग वाद थांबवून पट्टी काढली. १६ मिमीच्या फिल्मवर सलग १०० फ्रेम मोजल्या की ७६२ मिलिमीटर भरायला हवेत. टेबलावर पांढरा कागद अंथरला, पहिल्या फ्रेमच्या भोकापाशी टाचणीनं कागदावर खूण केली, फिल्म ताणू न देता बोटांनी सपाट केली, आणि मामांनाच मोजायला लावलं. त्यांनी भोकं मोजली ती ओठ हलवत, दहा-दहाच्या हिशेबानं, अंगठ्याचं नख पुढे सरकवत. पहिलं भोक सोडून पुढच्या शंभराव्या भोकावर दुसरी खूण. पट्टी लावली: ७५५. म्हणजे ०.९ टक्के आकसलेली. एक टक्क्याच्या आसपास गेली की मशीनचे दात भोकांत नीट बसत नाहीत, भोकांच्या कडा फाडत जातात.

मामांनी पट्टी उलटून दुसऱ्या बाजूनं लावून बघितली. तेवढंच आलं. मग काही न बोलता प्रोजेक्टरवर फडकं टाकलं आणि चहा सांगितला.

स्कॅनिंगला द्यायचं ठरलं. त्या यंत्राला दात नसतात, रबरी रोलरवरून फिल्म सरकते आणि प्रत्येक फ्रेमचा सुटा फोटो निघतो.

५ मार्च

अण्णांचा प्रश्न: आपल्या मराठी राजाला सगळ्यात आधी पडद्यावर कोणी बघितलं? उत्तर देता देता दुपार गेली, पण कामाचं निघालं.

दरबार चित्रित करण्याची हौस आपल्याकडे जुनी. सावे दादा म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी कर्झनचा १९०३चा दिल्ली दरबार चित्रित केला होता. पण गाजला तो पुढचा, १२ डिसेंबर १९११चा. पाचवा जॉर्ज स्वतः हजर, कॅमेरे अनेक कंपन्यांचे. लंडनचा सिनेमा-निर्माता चार्ल्स अर्बन याच्या मंडळींनी तर तो किनेमाकलरमध्ये, रंगीत टिपला. लाल आणि हिरव्या काचा आळीपाळीनं फिरायच्या, म्हणून मशीन दुप्पट वेगानं, सेकंदाला ३२ फ्रेमनं चालवावं लागायचं. फेब्रुवारी १९१२मध्ये लंडनमध्ये तो खेळ लागला, वाद्यवृंदासह, दोन तासांहून मोठा. आज त्यातला जेमतेम तुकडा उरलाय, तोही रशियातल्या एका अर्काइव्हमध्ये सापडला.

अण्णांना हवा असलेला मराठी राजा याच दरबारात आहे: बडोद्याचे सयाजीराव गायकवाड. रिवाज असा की संस्थानिकानं बादशहापुढे तीनदा लवून मुजरा करायचा आणि पाठ न दाखवता मागे सरकायचं. सयाजीराव आले ते पांढऱ्या साध्या पोशाखात, हातात काठी. एकदा लवले, वळले आणि चालू लागले. बादशहाकडे पाठ! इंग्रजी वर्तमानपत्रांनी रान उठवलं, महाराजांना व्हाइसरॉयकडे दिलगिरीचं पत्र धाडावं लागलं. आणि पुरावा म्हणून लोक काय बघत होते? फिल्म.

ते काही सेकंदांचं चित्रण आम्ही अण्णांच्या मोबाइलवर पुन्हा पुन्हा लावलं. अण्णांच्या मते उघड अपमान, आणि झकास अपमान. मला वाटलं, माणूस गोंधळलाय. मामा चष्मा वर करून म्हणाले, "किती स्पीडनं लावलंय ते आधी सांगा."

आणि खरंच. १९११चा कॅमेरा हातानं फिरवायचा. दोन वेढे सेकंदाला, एका वेढ्याला आठ फ्रेम, म्हणजे सोळा. हे झालं शिस्तीचं गणित. हात कमीजास्त चालायचा. दाखवणाराही हातानंच फिरवायचा, आणि दिवसात एखादा खेळ जास्त बसवायचा असेल तर भरभर. सोळानं टिपलेला मुजरा चोवीसनं दाखवला की तो तुटक दिसणारच. सावकाश वळलेला माणूस गर्रकन पाठ फिरवल्यासारखा दिसणारच. सयाजीरावांच्या मनात काय होतं यावर ढीगभर लिहिलं गेलंय. त्या त्या टॉकीजमध्ये हँडल कोणाच्या हातात होतं, हा प्रश्न मात्र ऑपरेटरलाच पडतो.

यादीत आजपासून नवा रकाना: गती.

२० मार्च

८ मिमीचं एक रीळ, पुठ्ठ्याच्या खोक्यातलं, अण्णांच्या वडिलांनी मुंबईच्या चोर बाजारातून आणलेलं. राणी एलिझाबेथचा २ जून १९५३चा राज्याभिषेक, घरी बघायची छोटी आवृत्ती. मूक, कृष्णधवल, काही मिनिटांची. मूळ सोहळ्याचा टेक्निकलर चित्रपट तेव्हा जगभर फिरला. भारत प्रजासत्ताक होऊन तीन वर्षं झालेली, ती आपली राणी नव्हती. पण पंडित नेहरू तिथं पाहुणे म्हणून हजर होते. अण्णांचे वडील या रिळात दर खेपेला नेहरूंना शोधायचे म्हणे. आम्हीही शोधलं. नाहीत.

या रिळाची फिल्म निरोगी आहे, मामांचं मशीन एकदाचं चाललं. सोन्याचा रथ आला तशी मामांनी गती कमी केली. रथ १७६२चा, वजन चार टनांच्या घरात, आठ घोडे आणि चालीनंच न्यावा लागतो, दौड जमत नाही. मी हे सांगायच्या आधीच मामांनी घोड्यांच्या पायांवरून ओळखलं होतं. अठराची गती सोळावर आणली आणि रथाला एकदम वजन आलं.

अभिषेकाचा क्षणच मात्र नाही, कारण तो कोणाच्याच रिळात नाही. राणीला तेल लावताना वर छत धरलं होतं आणि कॅमेऱ्यांना तेवढंच टिपायची मनाई होती. मामा: "मेन सीनच कापला की! आमच्याकडं असं झालं असतं तर खुर्च्या तुटल्या असत्या."

अण्णांनी वडिलांची आणखी एक हकिकत सांगितली, ती जशीच्या तशी रेकॉर्ड झालीय. जुनी रिळं तेव्हा भंगारात किलोवर जायची. धुऊन चांदी काढायची आणि उरलेल्या सेल्युलॉइडच्या बांगड्या. वडील भंगारवाल्याच्या तराजूवरून रीळ उचलून आणायचे, आई विचारायची, याच्या बांगड्या तरी होतील का. किती राजे असे मनगटांवर गेले असतील!

११ एप्रिल

ऊन ४२च्या वर. गोदामाचा पत्रा दुपारी हात लावू देत नाही. दोन डब्यांतून आंबूस, शिरक्यासारखा वास यायला लागलाय: सेफ्टी फिल्मचं अॅसिटेट सडतंय. उष्णता आणि ओल मिळाली की फिल्ममधून आम्ल सुटतं आणि बंद डब्यात तेच आम्ल फिल्मला आणखी खातं. शेजारच्या धडधाकट रिळांनाही लागतं. आंबलेले डबे वेगळ्या खोलीत, झाकण सैल करून ठेवले. उरलेली रिळं अण्णांच्या घरातल्या तळमजल्याच्या कोठीत, मातीच्या भिंतींच्या. वहिनींनी लोणच्याच्या बरण्या हलवून जागा दिली, कुरकुर झाली.

२८ एप्रिल

चार नंबरचं स्कॅनिंग आलं. सुटे फोटो, सोळा हजारांच्या घरात. संगणकाला गती सांगितल्याशिवाय ते चालत नाहीत. चोवीस सांगितली तर अकरा मिनिटांत मिरवणूक खलास, सोळा सांगितली तर पावणेसतरा मिनिटं.

मी हिशेब मांडला. पुढे बँड आहे. लष्करी कवायतीची चाल मिनिटाला १२० पावलं, म्हणजे सेकंदाला दोन. फ्रेम मोजल्या: बासरीवाल्याचं एक पाऊल आठ फ्रेमला पडतं. आठ दुणे सोळा. गती सोळा. मी खूश.

मामांनी दोनदा बघितलं आणि मान हलवली. "हे कवायतीचे नाहीत. मिरवणुकीचा बँड असा चालत नाही, रखडतो. मागचा हत्ती बघ, त्याच्यासाठी थांबत थांबत चाललेत. शंभर धर." शंभर धरलं तर गती तेराच्या आसपास येते.

अण्णांनी कॅमेऱ्याची बाजू मांडली. हौशी लोकांचे १६ मिमीचे कॅमेरे चावीचे, स्प्रिंगवर चालणारे, नेहमीची गती सोळा. तेराला बांधलेला कॅमेरा कोण विकेल? मामा म्हणाले, चावी उतरत आली की कॅमेरा मंदावतो, तुमच्या घड्याळासारखाच. यावर मी म्हटलं, मंदावलेला कॅमेरा कमी फ्रेम घेतो, मग मिरवणूक शेवटाकडे पळायला हवी. चारही शंभर-शंभर फुटी तुकड्यांची शेवटची टोकं तपासली. चांगल्या कॅमेऱ्याचा गव्हर्नर, म्हणजे गती एकसारखी राखणारा भाग, हे होऊ देत नाही. चारपैकी एकाच टोकाला किंचित घाई दिसते, बाकी तीन ठीक.

९ मे

अण्णांच्या गोदामात भिंतीवर दाखवलं. गल्लीतली दहा-पंधरा माणसं, पोरं, वहिनी, शेजारच्या आजी. दोन आवृत्त्या केल्या होत्या, सोळाची आणि चौदाची. तेरावर हत्ती पाण्यात चालल्यासारखा दिसत होता, ती मामांनीच बाद केली.

सोळाच्या वेळी पोरांनी बँडच्या तालावर टाळ्या धरल्या. चौदाच्या वेळी टाळ्या नाहीत, पण आजी मोटारीतल्या माणसाकडे बघून म्हणाल्या, "दमलेला दिसतोय राजा." तेच फोटो, तोच चेहरा. मला ते वाक्य सोडवत नाही, आणि म्हणूनच मी चौदाची आवृत्ती यादीत मुख्य ठेवायला तयार नाही. दमणूक राजाची की आमची, हे मला ठरवता येत नसेल तर कॅमेऱ्याच्या बाजूनं राहणं बरं. मामांना हे पटलेलं नाही. त्यांचं म्हणणं, कॅमेरा धरणारा माणूसच होता, आणि मिरवणुकीत उभा राहिलेला माणूस मशीनला जास्त कळतो की ऑपरेटरला?

तोडगा: दोन्ही आवृत्त्या जपायच्या. गतीच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना, "गती कोणी ठरवली". चार नंबरपुढे: १६, कॅमेऱ्यावरून, यादी करणारा. १४, मिरवणुकीवरून, ऑपरेटर. मामांनी नोंद स्वतः वाचली आणि "ऑपरेटर"च्या पुढे "निवृत्त" लिहू दिलं नाही.

१६ मे

ट्रंकेच्या तळाशी एक चपटं डबडं निघालं. साडेनऊ मिमीची पाथे फिल्म, १९२२पासूनचा घरगुती प्रकार, भोकं कडेला नाहीत, दोन फ्रेमच्या मधोमध. पहिल्याच काही फ्रेममध्ये फेटेवाले घोडेस्वार दिसतात. आकसणं मोजायला आमची पट्टी चालेल, चालवायला मशीन सोलापुरात नाही. अण्णांनी कोल्हापूर आणि पुण्याच्या संग्राहकांना फोन केलेत. मामा मधल्या भोकाकडे बघून म्हणाले, दात नेमका चित्रांच्या मधे घुसणार, एक जोड सुटला तर राजाच्या कपाळाला भोक. तोवर हे रीळ कोठीत, दुसऱ्या फळीवर, लोणच्यापासून लांब.